तालुक्याच्या गावातला कला महोत्सव कसा वाढवायचा

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव पट्ट्यात पहिला महोत्सव भरवणं फारसं अवघड जात नाही. दहा-बारा उत्साही माणसं, शाळेचं मैदान, कुणाच्या तरी ओळखीचा एक गायक आणि बाजारपेठेतली वर्गणी, एवढ्यावर पहिलं वर्ष थाटात पार पडतं. दुसरंही पडतं. खरं काम तिसऱ्या वर्षी सुरू होतं. नवलाई ओसरलेली असते, वर्गणी देणारे "यंदाही का?" म्हणून विचारतात आणि समितीतली निम्मी माणसं बदली, शेती, घरचं कार्य यात अडकलेली असतात.

मी आमच्या महोत्सवाची खजिनदार. बँकेत रोखपाल म्हणून नोकरी झाली, त्यामुळे पावतीपुस्तकं आणि गल्ला माझ्याकडे आला आणि माझ्याकडेच राहिला. तिकिटाच्या टेबलावर बसलं की मंचावरून न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. कोण आलं, कोण दारापर्यंत येऊन परत फिरलं, कोण मध्येच उठून गेलं आणि कशासाठी. त्या टेबलावर बसून माझं एक मत पक्कं झालंय. महोत्सव वाढवायचा म्हणजे प्रेक्षक वाढवायचा. मंच, कमानी, मोठी नावं हे सगळं त्याच्या मागून येतं. त्यामुळे पुढचं सगळं प्रेक्षकाच्या बाजूने सांगते.

तारीख एकदा ठरवा आणि हलवू नका

शेजारच्या औंधचा संगीत महोत्सव अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो सांभाळला. आश्विन वद्य पंचमी ही त्याची तिथी. त्या तिथीला औंधात गाणं असतं हे रसिकांना पत्रिकेवाचून ठाऊक असतं, आणि लांबलांबची माणसं त्या हिशेबाने रजा टाकतात. छोट्या गावाकडे जाहिरातीला पैसे नसतात. ठरलेली तारीख हीच त्याची जाहिरात.

आम्ही जानेवारीचा दुसरा शनिवार आणि त्याला जोडून रविवार धरला. कारणं अगदी व्यवहाराची आहेत. संक्रांत पौषातच येते, म्हणजे दुसरा शनिवार बहुतेक वर्षी पौषात पडतो. पौषात आपल्याकडे लग्नं धरत नाहीत. मांडववाला, आचारी, साउंडवाला, मंगल कार्यालय सगळे मोकळे असतात आणि भाव करायला तयार असतात. तेच काम मार्गशीर्षात किंवा माघात काढलंत तर तोच मांडववाला फोन उचलत नाही. दुसऱ्या शनिवारी बँका बंद, त्यामुळे नोकरदारांना दोन दिवस मिळतात. दहावी-बारावीची परीक्षा अजून महिनाभर लांब असते. शाळांची स्नेहसंमेलनं मात्र याच सुमारास असतात, म्हणून मुख्याध्यापकांना दिवाळीच्या सुट्टीआधीच पत्र द्या.

तुमच्या गावाला जानेवारी चालेलच असं नाही. कोकणात किंवा विदर्भात गणित वेगळं पडेल. पण तारीख ठरवण्याआधी चार ठिकाणी जाऊन विचारा. आठवडी बाजार कोणत्या वारी, आसपासच्या गावांच्या यात्रा कधी, पिकांचं काय चाललेलं असतं, आणि शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात दिवसा की रात्री. शेवटचा प्रश्न शहरातल्या माणसाला सुचणार नाही. आमच्याकडे ज्या फिडरला, म्हणजे वीजवाहिनीला, रात्रपाळीची लाईट असते, तिथली माणसं रात्री पिकाला पाणी द्यायला जातात. त्यांना गाण्याची आवड कमी नसते, पण पाण्याची बारी सोडून ती येणार नाहीत. वायरमनला विचारलंत तर तो कोणत्या गावाची पाळी केव्हा आहे ते सांगतो. मग रात्रपाळीच्या गावांसाठी एखादा कार्यक्रम रविवारी सकाळी ठेवता येतो. आमचा रविवार सकाळचा भजनाचा कार्यक्रम असाच सुरू झाला आणि आता तो सर्वांत गर्दीचा असतो.

बायका आल्या की घर आलं

हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण समितीच्या बैठकीत त्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

गावातल्या कार्यक्रमाला बाई आली की तिच्याबरोबर मुलं येतात, सासू येते, शेजारीण येते. ती आली नाही तर पुरुष पारावर गप्पा मारायला येतो तसा येतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. मग ती का येत नाही याची कारणं शोधा. पहिलं कारण, वेळ. संध्याकाळी धारा काढायच्या असतात, दूध डेअरीला घालायचं असतं, भाकरी टाकायच्या असतात. साडेपाचला कार्यक्रम सुरू केलात तर समोर फक्त पेन्शनर मंडळी दिसतील. आम्ही साडेसहाला मुलांच्या कार्यक्रमाने सुरुवात करतो आणि मुख्य कलाकार पावणेआठला बसवतो. डेअरीतून परतणारा माणूस तोवर हातपाय धुऊन मैदानावर पोचतो.

दुसरं कारण, स्वच्छतागृह. शाळेच्या मैदानावर कार्यक्रम असेल तर मुलींची स्वच्छतागृहं उघडी ठेवायची लेखी परवानगी घ्या. आदल्या दिवशी स्वतः आत जाऊन बघा. कडी लागते का, दिवा आहे का, टाकीत पाणी आहे का, वाटेवर उजेड आहे का. दारापाशी दोन्ही संध्याकाळी एक पगारी बाई बसवा. तिचा मेहनताना अंदाजपत्रकात ध्वनिव्यवस्थेच्या शेजारी लिहा, म्हणजे खर्च कापताना तो पहिला कापला जात नाही. ही सोय नसेल तर बायका दुपारपासून पाणी पीत नाहीत, आणि तासाभराने उठून घरी जातात. कार्यक्रम आवडला नाही म्हणून त्या गेल्या असं समिती समजते.

तिसरं कारण, परतीची गाडी. वाड्यावस्त्यांवर जाणारी मुक्कामी एसटी किती वाजता सुटते ते आगारात विचारा आणि तुमची शेवटची भैरवी तिच्या आधी बसवा. आगार व्यवस्थापकांना महिनाभर आधी अर्ज दिला तर गाडी अर्धा तास थांबवणं किंवा जादा गाडी सोडणं यावर निदान बोलणं होतं. तिकिटाच्या टेबलामागे मोठ्या अक्षरात गाड्यांच्या वेळा लावा.

वेळेचा कायदाही आहेच. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या ठरावीक १५ दिवसांपर्यंत १२ वाजेपर्यंत सूट देता येते, पण ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि ते बहुधा गणपती-नवरात्रात जातात. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षं पहाटेपर्यंत चालायचा. या नियमांनंतर त्यालाही वेळापत्रक बदलावं लागलं. आपण पावणेदहाला संपवायचं असं पत्रिकेवरच छापा. त्यामुळे गाणारा, निवेदक आणि आभार मानणारा या तिघांनाही घड्याळ समजतं.

बैठक

जानेवारीत आमच्याकडे आठनंतर दव पडायला लागतं. मांडववाला मंचावर झक्क छत घालतो आणि प्रेक्षकांना मोकळ्या आभाळाखाली बसवतो. पैसे कमी असतील तर मंचाच्या झालरी कमी करा, पण प्रेक्षकांच्या डोक्यावर कापड घाला आणि वाऱ्याच्या बाजूला कनात लावा. खाली आधी ताडपत्री, मग सतरंजी. नुसती सतरंजी ओल धरते.

पुढच्या रांगेत सोफे ठेवू नका. यावरून आमच्या समितीत भरपूर वाद झाले आणि मी अजिबात मागे हटले नाही. सोफ्यावरचा पाहुणा उशिरा येतो, फोन घेतो, लवकर उठतो, आणि त्याच्यामागे बसलेल्या चारशे माणसांना हा कार्यक्रम आपला नाही हे कळतं. पुढची भारतीय बैठक लहान मुलांची आणि रसिकांची. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंना आणि मागे खुर्च्या. जो आधी येईल तो पुढे बसेल. पुढाऱ्यांना नमस्कार करून आदराने जागा दाखवा, ते बसतात.

सत्कार आणि भाषणं यांचंही तसंच. दीपप्रज्वलन, स्वागताची चार वाक्यं, बस. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर कार्यक्रमाआधी ग्रीनरूममध्ये द्या. गाणं रंगात आलेलं असताना देणगीदाराचा सत्कार करण्यासाठी कार्यक्रम थांबवणारा महोत्सव तीन वर्षांत रसिक गमावतो.

कलाकार

मोठं नाव आणण्याची घाई करू नका. टीव्हीवरचा चेहरा आणलात तर गर्दी होते हे खरं, पण ती गर्दी त्या चेहऱ्याची असते. पुढच्या वर्षी तो नसला की तीही नसते, आणि तुमची गंगाजळी मात्र रिकामी झालेली असते. तीस-पस्तिशीतले कलाकार शोधा, जे तयारीचे आहेत आणि ज्यांना अजून मंच हवाय. त्यांना ऐकायला पुणे, सांगली, कोल्हापूरच्या बैठकींना स्वतः जा. व्हिडिओ बघून आमंत्रण देऊ नका.

बोलणी करताना सगळं एका कागदावर लिहा: बिदागी किती, साथीदार कोण आणि त्यांचे पैसे वेगळे की एकत्र, प्रवास कशाने, मुक्काम कुठे, कार्यक्रम किती वेळ. साथीदारांची रक्कम शक्यतो त्यांच्याच खात्यावर पाठवा. तबलजी आणि हार्मोनियमवाला यांना मान मिळाला की ते शहरात परत जाऊन तुमच्या गावाबद्दल बोलतात, आणि पुढच्या कलाकाराशी तुमची ओळख तेच करून देतात. आमचे निम्मे कलाकार अशाच वाटेने आले. मुक्काम लॉजवर न ठेवता घरी ठेवता आला तर जरूर ठेवा. स्वच्छ खोली, गरम पाणी, वेळेवर चहा आणि न विचारता पुरेशी झोप. ज्या घरात कलाकार राहून गेला ते घर त्यानंतर एकही वर्ष चुकत नाही. जानेवारीत आमच्याकडे हुरडा असतो, तो खायला शेतावर घेऊन जा, पण कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी. आधी नेलंत तर गळ्याला धूर लागतो.

वाद्यांची एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण थंडीतल्या खुल्या मंचावर ती दरवर्षी समोर येते. हवा गार झाली की तंबोऱ्याच्या तारा आक्रसतात आणि स्वर चढतो. दवाने ओल धरली की तबल्याचं कातडं सैल पडतं आणि स्वर उतरतो. म्हणजे उबदार खोलीत एकमेकांशी जुळवून आणलेली दोन वाद्यं मंचावर दहा मिनिटांत वेगळ्या दिशांना जातात. म्हणून वाद्यं अर्धा तास आधी मंचाच्या हवेत आणून झाकून ठेवा, मंचावरचे दिवे तेव्हाच लावा आणि मंचाची मागची बाजू जाड कापडाने बंद करा. गायक सूर लावत असताना मुलं "सुरू का होत नाही?" म्हणून चुळबुळतात. निवेदकाने त्या दोन मिनिटांत तंबोरा का जुळवावा लागतो ते सांगावं. मिरज आपल्यापासून लांब नाही. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे ऐकून आमच्याकडची मुलं कार्यक्रमानंतर मंचाजवळ जाऊन तंबोऱ्याचा भोपळा बघायला लागली.

साउंडवाल्याला लग्नाचा आणि गाण्याचा फरक समजावून सांगा. मोठे बेस नकोत, कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू येईल असा मॉनिटर हवा. दिवे आणि ध्वनी वेगवेगळ्या फेजवर घेतले तर स्पीकरमधला घूं आवाज बराच कमी होतो. जनरेटर मैदानाच्या पलीकडे, वारा मैदानावरून जिकडे वाहतो त्या बाजूला.

आता आपल्या मातीतल्या कलांबद्दल. बहुतेक महोत्सवांत लोककलावंतांना पाहुण्यांच्या स्वागताला उभं करतात आणि खरा कार्यक्रम सुरू झाला की नारळ देऊन पाठवतात. हे कृपा करून करू नका. आमच्या माणदेशातलं धनगरांचं गजी नृत्य घ्या. ढोल आणि कैताळाचा ठेका लागतो, हातात रुमाल घेतलेली माणसं गोलात पावलं टाकतात आणि ठेका बदलला की सगळा गोल एका अंगाने वळतो. ते मंचावर चढवलं की गोल चपटा होतो, निम्मे नाचणारे प्रेक्षकांना पाठमोरे होतात, फळ्यांवर पावलांचा आवाज घुमतो. त्याला जमीन लागते आणि चारी बाजूंनी माणसं लागतात. आम्ही शनिवारी साडेआठची, म्हणजे संध्याकाळची सर्वांत भरगच्च वेळ गजीला दिली. मंचावरचे दिवे बंद केले आणि मैदानाच्या मधोमध जागा मोकळी ठेवली. प्रेक्षक सतरंज्या उचलून स्वतःच भोवती बसले. मंडळाचं मानधन आम्ही गायकाच्या मानधनासारखंच आधी ठरवून, त्यांच्या खात्यावर पाठवलं. त्या वर्षापासून आसपासच्या वाड्यांवरची माणसं तिकीट काढून यायला लागली, कारण मंचावर कुणाला बोलावतात आणि कसं वागवतात हे सगळे बघत असतात.

पैसा

आधी संस्था नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी झाली की बँक खातं, पॅन आणि पावत्या रीतसर होतात. नोंदणी झालेली नसताना वर्गणी गोळा करायची असेल तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. दरवर्षी हिशेब तपासून भरा आणि विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट लगेच द्या. पाच-सहा वर्षांचे राहिलेले चेंज रिपोर्ट एकदम निस्तरताना चांगल्या चालणाऱ्या संस्था बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत. कलाकारांच्या मानधनातून टीडीएस कापायचा का, हे सीएला कार्यक्रमाआधी विचारा.

परवानग्यांचा तक्ता आधीच करा: मैदानाच्या मालकाची, नगरपंचायतीची किंवा ग्रामपंचायतीची, पोलीस ठाण्याची, ध्वनिक्षेपकाची. नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. हौशी संघ ते गृहीत धरतात, म्हणून त्याची प्रत तारीख देण्याआधी मागा. सिनेमातली गाणी होणार असतील तर हक्कधारक संस्थेचा परवाना घ्या.

तिकीट लावा. "गावात कुणी तिकीट काढत नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकू येईल. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडशाच्या आसपास, दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात आणि खेड्यातली माणसं तिकीट काढून ती बघतात. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, किंवा मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, यांच्या निमित्ताने घरी पाहुणे येतात आणि पाहुण्यांना नाटक दाखवणं हा तिथे घरचाच पाहुणचार असतो. तिकीट परवडणारं हवं. आमचं एका संध्याकाळचं ५० रुपये, दोन्ही दिवसांचं ८०, शाळेतल्या मुलांना फुकट. पन्नास रुपये भरलेला माणूस वेळेवर येतो, शेवटपर्यंत बसतो आणि आवडलं नाही तर येऊन सांगतो. फुकट पासवाला यातलं काहीच करत नाही. समितीच्या सदस्यांनीही तिकीट काढायचं, अध्यक्षांपासून.

मोठ्या देणग्यांसाठी बाहेरगावी असलेल्या आपल्या माणसांकडे जा. या पट्ट्यातले गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातले लोक देशभरच्या सराफ बाजारांत आहेत, माथाडी कामगारांची घरंच्या घरं मुंबईत आहेत. जानेवारीत त्यांना येता येत नाही, पण गावच्या यात्रेला ते हमखास येतात. तेव्हाच त्यांना भेटा. हातात गेल्या वर्षीचा छापील हिशेब असू द्या. त्यांना नेमकं काम सांगा: स्वच्छतागृह आणि पाण्याचा खर्च, तबलजीचा प्रवास, मुलांच्या कार्यशाळेचा कागद-रंग. नेमकं सांगितलं की देणारा लगेच हो म्हणतो आणि पुढच्या वर्षी तेच काम स्वतःहून मागतो. एकाच देणगीदारावर निम्म्याहून जास्त भार टाकू नका, तो कितीही दिलदार असला तरी. जमा रकमेतला पाचवा हिस्सा हात न लावता पुढच्या वर्षासाठी ठेवा. अवकाळी पावसाने एक संध्याकाळ गेली तरी कलाकारांना आणि मांडववाल्याला पूर्ण पैसे देता आले पाहिजेत.

मुलं

चित्रकलेच्या शिक्षकांना पहिल्या बैठकीपासून समितीत घ्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेली मुलं त्यांच्याकडे असतात, आणि त्या मुलांची चित्रं परीक्षेनंतर कपाटात पडून राहतात. ती वाचनालयाच्या भिंतीवर लावा. सुतळी आणि कपड्यांचे चिमटे एवढाच खर्च. चित्राखाली मुलाचं नाव, इयत्ता आणि वाडी लिहा, कारण वाडीचं नाव वाचून पूर्ण वाडी येते. पाहुण्या कलाकाराशी बोलणी करतानाच रविवारी सकाळचा एक तास मुलांसाठी मागून घ्या आणि तो कागदावर लिहा.

स्वयंसेवक आठवी-नववीतले घ्या, दहावीतली मुलं मोकळी सोडा. प्रत्येकाला एकच काम आणि त्याच कामाची पूर्ण जबाबदारी. आमच्याकडे चपलांच्या जागेवर उभा राहिलेला मुलगा आता पुण्यात ध्वनिसंयोजन शिकतो आणि दरवर्षी आमचं मिक्सर तोच सांभाळतो.

वाढ

दरवर्षी एकच नवी गोष्ट घ्या आणि ती पुढच्या वर्षी टिकली तरच दुसरी घ्या. आमच्याकडे वाचनालयाची व्याख्यानमाला आधीपासून होती. तिला जोडून एक संध्याकाळ गाणं, मग चित्रांचं प्रदर्शन, मग दुसरी संध्याकाळ, मग गजी, मग सकाळचं भजन असं ते वाढलं. तिसरा दिवस घ्यावा असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. माझा प्रश्न ठरलेला असतो: दुसऱ्या दिवशी रात्री सतरंज्या गोळा करायला किती जण थांबले होते? दहापेक्षा कमी असतील तर तिसरा दिवस नको. पैसे उभे राहतील, पण माणसं थकतील आणि थकलेली समिती आधी हिशेबात ढिली पडते, मग आपसात भांडते.

महोत्सव संपल्यावर आठ दिवसांच्या आत हिशेब वाचनालयाच्या फलकावर लावा. जमा, खर्च, शिल्लक, आणि देणं बाकी असेल तर तेही, नावानिशी. त्याच आठवड्यात बैठक घ्या आणि तिकिटाच्या टेबलावर ठेवलेल्या वहीतले अभिप्राय मोठ्याने वाचा, कडक असतील ते आधी. मैदानासाठी पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या शनिवारचा अर्ज शाळेकडे तेव्हाच द्या, पोच घ्या आणि मांडववाल्याला इसार देऊन पावती फाइलला लावा.